अपवादाची नोंद



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी ते आनंदाने स्वीकारले. विषय कळविण्याची वेळ आली तेव्हा मात्र थोडा संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, भाषा आणि शिक्षण या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. माझा व्यवसाय यंत्रांच्या नियंत्रणासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहिण्याचा. त्यातही गेली काही वर्षे माझा बराचसा वेळ स्वतः लिहिण्यापेक्षा इतरांनी लिहिलेले सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर वापरता येते, हे तपासण्यात जातो. म्हणजे काम जवळजवळ कारकुनाचेच. या कारकुनीच्या एका कोपऱ्याविषयी, मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांना जोडलेल्या अपवादांविषयी आणि त्यांच्या नोंदीविषयी, मी आज बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, हे मान्य. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो रुक्ष नाही. एखाद्याने उदारपणे दिलेली सवलत, देणारा माणूस समोर नसताना, संपूर्ण अनोळखी माणसापर्यंत शाबूत कशी पोहोचवायची, हा तो प्रश्न आहे.

प्रथम परवान्याविषयी थोडेसे. संगणकाची आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने पुस्तकासारखीच एक कृती आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तर ती चक्क साहित्यकृती या सदरात मोडते; येथे बसलेल्या साहित्यिक मंडळींनी आमची ही भाऊबंदकी लक्षात घ्यावी. लेखकाच्या अनुमतीवाचून आज्ञावली कुणाला बदलता येत नाही आणि वाटताही येत नाही. ही अनुमती ज्या कागदाने मिळते तो परवाना. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८९ साली त्यांचा जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल, प्रथम प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आणि तिसरी २००७ ची. या परवान्याचे सार थोडक्यात असे : आज्ञावली घ्या, वाचा, बदला, वाटा. मात्र तिच्यावर आधारलेले काही तुम्ही दुसऱ्यास दिले, तर त्याचा मूळ मजकूरही याच अटींवर द्या. मला मिळाले ते मी अडवून ठेवणार नाही, अशी ही शपथ आहे. तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेले लिनक्स याच परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे.

नियम असा कडक असला की अपवाद आलाच. ज्यांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्या सरांनी आम्हांला संधी शिकविला तो याच इमारतीत. ‘प्रति’ आणि ‘एक’ मिळून ‘प्रत्येक’ होतो. इकाराचा य होतो, हा सामान्य नियम. परंतु ‘रवि’ आणि ‘इंद्र’ मिळून ‘रव्यिंद्र’ होत नाही, ‘रवींद्र’ होतो. जुन्या वैयाकरणांनी पहिल्यास उत्सर्ग म्हटले, दुसऱ्यास अपवाद. त्यांच्या पद्धतीतली जी गोष्ट मला पुढे व्यवसायात उपयोगी पडली ती अशी, की अपवाद हा त्या शास्त्रात सूत्र म्हणूनच लिहिलेला असतो. उत्सर्ग ज्या ग्रंथात आहे त्याच ग्रंथात तो आहे, आणि त्याचे क्षेत्र कोठून कोठपर्यंत हेही ठरलेले आहे. त्या क्षेत्रापुरती त्याची सत्ता चालते, उरलेल्या जागी उत्सर्गाची. ‘येथे आम्ही असेच म्हणतो’ एवढ्यावर पाणिनीय परंपरा अपवाद मान्य करीत नाही.

सॉफ्टवेअरच्या जगाने हीच शिस्त फार सावकाश आणि पुष्कळ भांडणांनंतर अंगी बाणवली.

आरंभीचे एक उदाहरण बायसन नावाच्या साधनाचे आहे, आणि योगायोगाने तेही व्याकरणाचेच. एखाद्या संगणकीय भाषेचे व्याकरण लिहून बायसनला दिले की ते त्या भाषेतील वाक्ये उलगडणारी आज्ञावली तयार करून देते. पण ही आज्ञावली तयार करताना बायसन स्वतःच्या मजकुराचा एक सांगाडा तिच्यात उतरवते. बायसन जीपीएलखाली, म्हणून तो सांगाडाही जीपीएलखाली. म्हणून बायसनच्या साहाय्याने बनवलेली प्रत्येक गोष्ट खुली करणे ओघानेच आले. गिरणीत दळलेल्या पिठात जात्याची थोडी कच उतरते म्हणून भाकरीवर गिरणीवाल्याचा हक्क सांगावा, तसे हे झाले. पुढे ग्नू प्रकल्पाने १.२४ या आवृत्तीपासून अपवाद दिला : हा सांगाडा बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येही वापरण्यास हरकत नाही. तोही अपवाद आधी एका विशिष्ट पद्धतीने आणि सी भाषेत तयार झालेल्या आज्ञावल्यांपुरताच होता, २.२ या आवृत्तीपासून तो विस्तारला. हे सर्व मी तुम्हांला इतक्या खात्रीने सांगू शकतो, याचे कारण बायसनच्या माहितीपुस्तकात ‘बायसन वापरण्याच्या अटी’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि कोणत्या आवृत्तीपूर्वी काय लागू होते व नंतर काय, हे त्यात लिहून ठेवले आहे. प्रकरण जेमतेम पानभराचे. पण जुनी आवृत्ती हाती असलेल्या माणसाला त्या पानाची किंमत विचारावी.

याच्या उलट जेथे असे पान नव्हते, तेथे काय झाले ती कथा जरा विस्ताराने सांगतो.

१९९६ साली जर्मनीतील मथियास एट्रिख यांनी लिनक्ससाठी सुटसुटीत, चित्रमय पडदा तयार करण्याचा संकल्प सोडला. हाच केडीई प्रकल्प. जगभरातील स्वयंसेवक त्यात सामील झाले आणि दोन वर्षांत एक देखणी गोष्ट उभी राहिली. तिचा परवाना होता जीपीएल. परंतु ती ज्या पायावर उभी होती तो पाया, म्हणजे खिडक्या व बटणे काढून देणारी क्यूट ही लायब्ररी, नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची होती आणि तिच्या अटी जीपीएलशी जुळत नव्हत्या. जीपीएल म्हणतो, समग्र कृती माझ्या अटींवर द्या. क्यूटच्या अटी म्हणत, माझ्या भागावर तुमच्या अटी लावू नका. मग केडीई आणि क्यूट एकत्र करून वाटण्याचा अधिकार कुणाला?

लिनक्सचे वितरण करणाऱ्यांमध्ये डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प परवान्यांच्या बाबतीत सोवळेपणासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी केडीईकारांना एक साधी गोष्ट सुचविली : ‘ही कृती क्यूटशी जोडून वाटण्यास आमची अनुमती आहे’ असे एक वाक्य परवान्यास जोडा. केडीईच्या बाजूने उत्तर आले त्याचा आशय असा, की आम्ही हे लिहिलेच मुळी क्यूटसाठी. ते क्यूटशी जोडण्यास आमची अनुमती आहे हे वेगळे सांगायला हवे काय? ती गृहीतच आहे.

श्रोतेहो, हे उत्तर सामान्य व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचे नाही. आपणही असेच बोललो असतो. जेवायला बोलाविल्यावर ‘ताटातले खाण्यास अनुमती आहे’ असे कोणी लिहून देत नाही. पण डेबियनचा पुढचा प्रश्न अडचणीचा होता. केडीईत सर्व मजकूर केडीईकारांचा नव्हता. इतरांनी पूर्वी जीपीएलखाली लिहिलेल्या काही आज्ञावल्या घेऊन त्यांनी त्या केडीईसाठी घडविल्या होत्या. त्या मूळ लेखकांनी क्यूटचे नावही कदाचित ऐकले नसेल. त्यांची अनुमती कशी गृहीत धरणार? स्वतःच्या शेतातून जाण्यास शेजाऱ्याला परवानगी देता येते, पण त्यापुढच्या तिसऱ्याच्या शेतातून जाण्याची परवानगी आपण कोण देणार? ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकले.

पुढची घटनामालिका थोडक्यात अशी : ट्रोलटेकने क्यूटसाठी नवा खुला परवाना आणला, तोही जीपीएलशी जुळला नाही. सप्टेंबर २००० मध्ये अखेर क्यूट हीच जीपीएलखाली उपलब्ध झाली आणि मुख्य वाद मिटला. तरीही स्टॉलमन यांनी त्या वेळी लिहिले की ज्यांच्या मजकुराचा भंगपूर्ण वापर झाला त्यांची क्षमा घेणे अद्याप उरते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मालकीच्या मजकुरापुरती ती क्षमा त्यांनी तेथेच देऊन टाकली. केडीईकारांना हा शब्द झोंबला, आणि ते स्वाभाविकही होते. २००२ च्या जुलैत आलेल्या डेबियनच्या ३.० या आवृत्तीत केडीईला प्रथमच अधिकृत जागा मिळाली. दरम्यान, १९९७ साली, मुख्यतः याच आक्षेपापायी ग्नोम हा प्रतिस्पर्धी प्रकल्प सुरू झाला होता. लिनक्सच्या पडद्याचे असे जे दोन पंथ पडले ते आजही आहेत. दोन पंथ असण्याचे काही लाभही झाले असतील, मी ते नाकारीत नाही. परंतु एका वाक्याच्या अपवादाची नोंद वेळेवर झाली असती, आणि ती करण्यापूर्वी कुणाकुणाची संमती हवी याची यादी झाली असती, तर हा कलह निदान या कारणाने तरी पेटला नसता, असे माझे मत आहे.

सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजकडे ज्यांची शेती आहे, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. महाराष्ट्राच्या सात-बारा उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा एक स्तंभ असतो. जमीन अमक्याची, पण तिच्यावर आणखी कुणाचा काय हक्क वा बोजा आहे ते तेथे लिहायचे. दोन भावांसारखे शेजारी असतात. एकाच्या बांधावरून दुसऱ्याची बैलगाडी तीस वर्षे जाते. कुणी कागद करीत नाही, करणे अपमानाचे वाटते. मग एक शेजारी वारतो, त्याचा मुलगा शहरात, जमीन विकली जाते आणि नवा मालक काटेरी कुंपण घालतो. भांडण कज्जापर्यंत जाते ते कुणी दुष्ट असतो म्हणून नव्हे. ज्याने शब्द दिला तो नाही आणि ज्याने घेतला त्याच्यापाशी उताऱ्यावर काही नाही, एवढेच. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा नवा मालक रोज येतो. आज्ञावली हातोहात जाते, घेणारा देणाऱ्यास ओळखत नाही, आणि ओळखण्याची आवश्यकता पडू नये हेच तर त्या चळवळीचे वैशिष्ट्य.

मौन म्हणजे संमती नव्हे, हा मुद्दा ओपनएसएसएलच्या प्रकरणात पुन्हा आला. बँकेचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या संकेतनाची ही लायब्ररी. तिच्या जुन्या परवान्यात, जाहिरातीत आमचा उल्लेख करा, अशी एक अट होती आणि जीपीएलला अशी जादा अट चालत नाही. त्यामुळे जीपीएलखालील अनेक प्रकल्पांनी ‘ओपनएसएसएलशी जोडण्यास अनुमती’ असा लेखी अपवाद जोडला. महाजालावरून फाइली उतरवून घेणारे डब्ल्यूगेट हे त्यांपैकी एक. २०१७ साली ओपनएसएसएलने स्वतःचा परवाना बदलण्याचे ठरविले आणि शेकडो जुन्या योगदात्यांस पत्रे धाडली. उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असे समजू, असे त्या पत्रात होते आणि त्यावर सडकून टीका झाली. २०२१ साली ३.० ही आवृत्ती अपाची परवान्याखाली आली. आता गंमत पाहा. काही प्रकल्पांच्या अपवादात ओपनएसएसएलच्या जुन्या परवान्याचा नावानिशी उल्लेख होता. नव्या आवृत्तीवर तो परवानाच उरला नाही. अपाची परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, असे फाउंडेशनचे मत आहे. तेव्हा जे प्रकल्प केवळ दुसऱ्या आवृत्तीवर होते, त्यांना आपल्या अपवादाचा शब्दन् शब्द पुन्हा तपासणे भाग पडले. अपवाद कशाला जोडून दिला आहे, तो विषय पुढे बदलला तर काय, हेही नोंदीत हवे, ते यासाठी.

नोंद कोठे करावी याविषयी दोन घराणी आहेत, असे म्हणता येईल.

पहिले घराणे प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लिहिणाऱ्यांचे. सन मायक्रोसिस्टिम्सने नोव्हेंबर २००६ मध्ये जावा ही भाषाप्रणाली जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुली करण्याचे जाहीर केले. जावात लिहिलेली कोणतीही आज्ञावली जावाच्या लायब्ररीशी जोडली गेल्यावाचून चालत नाही. तेव्हा अपवाद नसता तर जगातील सारे जावालेखन जीपीएलच्या कक्षेत येण्याची भीती होती. म्हणून ग्नूच्याच क्लासपाथ नावाच्या प्रकल्पातील अपवाद त्यांनी स्वीकारला. परंतु सर्वत्र नव्हे. लायब्ररीच्या ज्या फाइलींना तो लागू करायचा, त्यांच्या माथ्यावर ‘ही फाइल क्लासपाथ अपवादास पात्र असल्याचे आम्ही नेमून देत आहोत’ अशा आशयाची ओळ घातली. आज्ञावली प्रत्यक्ष चालविणाऱ्या यंत्रभागाच्या फाइलींवर ती ओळ नाही, कारण तेथे अपवाद द्यायचाच नव्हता. म्हणजे ओळ असणे ही जशी माहिती, तशी ओळ नसणे हीसुद्धा माहितीच. २०१० साली सन कंपनी ऑरॅकलने घेतल्यावर या ओळींतील नेमून देणाऱ्याचे नावही बदलण्यात आले. दात्याचे नाव नोंदीत असण्याचे महत्त्व त्यांनी ओळखले होते.

दुसरे घराणे अपवादाचा मजकूर एके ठिकाणी ठेवून इतरत्र केवळ त्याकडे बोट दाखविणाऱ्यांचे. ग्नूचा जीसीसी हा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा दुभाषा, आपल्या जवळच्या काही लायब्ररी प्रत्येक भाषांतरात मिसळतो. बायसनसारखीच अडचण, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. तेथे पूर्वी अपवादाचा संपूर्ण परिच्छेद फाइलींच्या माथ्यावर असे. २००९ साली हा सर्व अपवाद नव्याने लिहून त्यास स्वतंत्र नाव आणि आवृत्तीक्रमांक देण्यात आला : जीसीसी रनटाइम लायब्ररी अपवाद, आवृत्ती ३.१, दिनांक ३१ मार्च २००९. आता फाइलीवर केवळ या नावाचा निर्देश असतो आणि मजकूर वेगळ्या फाइलीत. शब्दांत चुकून फरक पडण्याचा धोका यामुळे गेला. पण फाइल एकटी कुणी उचलून नेली तर बोट कशाकडे दाखविले आहे हे कळेनासे होण्याचा धोका आला. माझा कल दुसऱ्या घराण्याकडे आहे, मात्र नाव आणि क्रमांक फाइलीवर असलाच पाहिजे या अटीवर.

जीसीसीच्या अपवादाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फाउंडेशनला असा अपवाद एका सहीनिशी देता आला, कारण जीसीसीसाठी लिहिणारे आपला स्वामित्वहक्क त्या काळी फाउंडेशनच्या नावे करून देत असत. २०२१ च्या जूनपासून ही सक्ती उरली नाही. नव्या योगदात्यांच्या दृष्टीने ते सोयीचे झाले, यात शंका नाही. मात्र पुढेमागे अपवादाचे शब्द बदलायचे झाल्यास किती जणांची संमती लागेल, याचे उत्तर आता दरवर्षी मोठे होत जाईल. आणि योगदाते ही काही अमर जात नव्हे. माणसे व्यवसाय सोडतात, पत्ते बदलतात, मरण पावतात. त्यांच्या वारसांना आपल्या वडिलांनी कधी चाळीस ओळी लिहून दिल्या होत्या याची वार्ताही नसते. म्हणून अपवाद द्यायचा तर तो पहिल्या दिवशी, देणारे मोजके आणि हयात असताना द्यावा, असे मी तरुण सहकाऱ्यांस नेहमी सांगतो.

लिनक्सचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी फार पूर्वीच परवान्याच्या फाइलीच्या आरंभी एक टिपण लिहिले होते. लिनक्सच्या गाभ्याकडून नेहमीच्या मार्गाने सेवा घेणारी आज्ञावली ही गाभ्यावर आधारलेली कृती समजली जाणार नाही, असा त्याचा आशय. या चार ओळींच्या आधारावर अवघा व्यापारी लिनक्स उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. पण टिपण होते एका फाइलीत, आणि गाभ्यात फाइली होत्या हजारोंनी. त्यांतील पुष्कळांवर परवान्याचा उल्लेखही नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये या सर्व फाइलींवर संक्षिप्त ओळख-ओळ घालण्याचे मोठे काम झाले. ग्रेग क्रोआ-हार्टमन, थॉमस ग्लाइक्सनर आणि फिलिप ओम्ब्रेदान ही त्यामागील प्रमुख नावे. त्यात एक पेच निघाला. बाहेरच्या आज्ञावल्यांनी वापरण्यासाठी ज्या फाइली मुद्दाम ठेवलेल्या, त्यांवरही परवाना लिहिलेला नव्हता. नियमाने बघता त्या जीपीएलच्या. यंत्राने तसा शिक्का मारला असता तर बाहेरच्यांनी त्या वापरू नयेत, असा अर्थ झाला असता. म्हणजे ज्यासाठी त्या लिहिल्या त्याच्या नेमके विरुद्ध. म्हणून त्यांवर ‘जीपीएल-२.०, सह लिनक्स-सिस्कॉल-नोट’ अशी ओळ घालण्यात आली. टोरवाल्ड्स यांच्या टिपणाला असे नाव मिळाले आणि अपवादांसाठीच्या वेगळ्या कप्प्यात त्याची फाइल ठेवली गेली. ही फाइल कोणकोणत्या परवान्यांशी जोडता येते आणि कशी लिहावी, हेही त्या फाइलीतच नमूद आहे.

ही ओळख-ओळ ज्या पद्धतीची, तिचे नाव एसपीडीएक्स. लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने २०११ साली तिची पहिली आवृत्ती निघाली. २०२१ साली ती आयएसओचे मानक झाली. पूर्वी तिच्यात अपवादासहित परवान्यास एकच जोडनाव असे. २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत परवाना वेगळा, अपवाद वेगळा आणि मध्ये ‘सह’ या अर्थाचा शब्द, अशी रचना आली. मला ती पाहून पुन्हा व्याकरणाचा तास आठवला. कारण उत्सर्गास आणि अपवादास स्वतंत्र क्रमांक देऊन ठेवल्याशिवाय कोणाचे क्षेत्र कोठे संपते हे सांगता येत नाही.

आता माझ्या कामातील एक गोष्ट. आपल्या उद्यमबागेत जशी यंत्रे बनतात तशा यंत्रांच्या नियंत्रकांत अतिशय लहान संगणक असतात, आणि त्यांवर चालणारी फ्रीआरटीओएस ही रिचर्ड बॅरी यांनी निर्माण केलेली प्रणाली फार लोकप्रिय आहे. २०१७ च्या अखेरीस तिची दहावी आवृत्ती एमआयटी या अगदी मोकळ्या परवान्याखाली आली. त्यापूर्वी ती जीपीएल आणि त्यास जोडलेला अपवाद अशी मिळे. अपवाद असा, की तुमची आज्ञावली तिच्याशी केवळ ठरलेल्या दारातून बोलत असेल, तर ती खुली करण्याची सक्ती नाही. पण त्याच अपवादाच्या पुढच्या कलमात, अनुमतीशिवाय या प्रणालीच्या वेगाची तुलनात्मक मोजमापे प्रसिद्ध करू नयेत, असे बंधन होते. अपवाद म्हणजे सवलत, अशी आपली समजूत. येथे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने थोडे काढून घेतले होते. ‘अपवाद आहे’ एवढीच नोंद करणारा माणूस येथे फसतो.

एका कारखान्याने, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, दुसरीकडून विकत घेतलेला असा एक नियंत्रक आमच्याकडे तपासायला दिला. परदेशी ग्राहकाने आतील प्रत्येक घटकाची परवान्यासह यादी मागितली होती. मूळ मजकूर उघडला तर फाइलींचे माथे साफ. आधीच्या कुणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात सर्व टिपणे पुसून तेथे आपल्या कंपनीचे नाव घातले होते. प्रणाली ओळखता आली, पण आवृत्ती कोणती? २०१७ नंतरची असेल तर काहीच प्रश्न नव्हता. आधीची असेल तर अपवाद, त्याचे दार आणि ते बंधन, सर्वच आले. आम्ही जुन्या आवृत्त्या एकेक करून शेजारी ठेवल्या आणि ओळीमागून ओळ ताडून पाहिली. आवृत्ती आधीचीच निघाली. पुसलेल्या दहा-बारा ओळी पुन्हा जागेवर बसवायला दोन माणसांचे दोन आठवडे गेले, आणि तेवढा काळ तयार माल गोदामात पडून राहिला. मूळ देणाऱ्याने नोंद व्यवस्थित केलेली होती. वाटेतल्या माणसाला ती कचरा वाटली.

यावरून एक जाणवते की नोंद करणाऱ्याने केवळ स्वतःपुरते पाहून भागत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचे सातवे कलम तर उघडच सांगते, की जादा सवलत जोडलेली प्रत पुढे देताना देणाऱ्यास ती सवलत त्या प्रतीवरून काढूनही टाकता येते. तेव्हा सवलत काढली असल्यास तेही लिहावे. तसेच बाहेरून येणारी दुरुस्ती कोणत्या अटीवर स्वीकारतो, हे प्रकल्पाच्या दारावरच लिहावे. प्रकल्प अपवादासह असेल आणि दुरुस्ती करणाऱ्याने निव्वळ जीपीएलवर आपला भाग दिला असेल, तर त्या भागापुरता अपवाद नाहीच. शंभर जणांनी दिलेली वाट एकशे एकाव्याच्या चार हात जमिनीपाशी अडते.

शेवटी आपल्या लिपीशी संबंध असलेला एक अपवाद सांगून थांबतो. टंक, म्हणजे फॉण्ट, हीसुद्धा एक आज्ञावलीच. आपण पीडीएफ तयार करतो तेव्हा त्या दस्तऐवजात टंक आतून बसविला जातो. टंक जीपीएलखाली असेल, तर त्यात छापलेली कविता किंवा प्रश्नपत्रिका जीपीएलखाली आली काय? प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण परवान्याच्या शब्दांत त्याचे स्वच्छ उत्तर नव्हते. म्हणून २००५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने टंकांसाठी एक अपवाद सुचविला : टंक दस्तऐवजात बसविल्याने केवळ त्या कारणास्तव दस्तऐवज जीपीएलखाली येत नाही. टंककाराने तो आपल्या परवान्यास जोडला तरच लागू. पुढे २००७ साली एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉण्ट परवान्याची १.१ ही आवृत्ती आली. टंकाने तयार केलेल्या दस्तऐवजास परवान्याच्या अटी लागू नाहीत, हे त्यात मूळ मजकुरातच लिहिलेले आहे. वेगळा अपवाद जोडण्याची गरजच राहिली नाही. रेड हॅट कंपनीने २००४ साली भारतीय लिप्यांसाठी दिलेले ‘लोहित’ टंक आरंभी जीपीएलखाली होते. २०११ साली ते या ओपन फॉण्ट परवान्याखाली आणण्यात आले. देवनागरी मजकूर लिनक्सवर वाचणाऱ्या पुष्कळांनी ते नाव न ओळखता पाहिलेले आहेत. शाळेच्या कोणत्याही पीडीएफ पुस्तिकेचे गुणधर्म उघडलेत, तर तिच्यात कोणते टंक बसविले आहेत त्यांची यादी दिसते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या कामात रुची वाटेल, त्यांनी त्या यादीपासून आरंभ करावा, आणि प्रत्येक नावापुढे त्याचा परवाना व असल्यास अपवाद लिहून शाळेच्या दप्तरी ठेवावा. एका दुपारचे काम आहे.